क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' संग्रह आजही घ्यावा का?

रानवारा:
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची चार-पाच गाणी ऐकली आहेत आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला असल्याने थोडे कुतूहलही आहे. १९८१ चा हा संग्रह घ्यावा, की मूळ अल्बमांपासूनच सुरुवात करावी?

कॅसेटवेडा:
अवश्य घ्यावा. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच असून, त्यातील १७ गाण्यांत ऑपेरा, रॉकॅबिली (कंट्री संगीताची छटा असलेले जुने रॉक अँड रोल) आणि डिस्को असे निरनिराळे बाज इतके बेधडक शेजारी येतात, की हे सारे त्याच चौघांचे काम आहे यावर नवख्याचा विश्वास बसू नये.

मागचाबाक:
'चौघांचे काम' हे तितकेसे खरे नाही. ब्रिटिश आवृत्तीत मर्क्युरीची दहा, ब्रायन मेची पाच आणि जॉन डीकनची दोन गाणी आहेत. ड्रमवादक रॉजर टेलरने लिहिलेले एकही नाही. १९७५ च्या 'अ नाइट अॅट द ऑपेरा'मधून दोनच गाणी घेतल्यामुळे आठ मिनिटांहून दीर्घ असलेले 'द प्रॉफेट्स साँग' बाहेरच राहिले, आणि माझ्या मते बँडची खरी महत्त्वाकांक्षा तिथेच दिसते. संग्रह वाईट नाही, पण तो रेडिओवरच्या क्वीनचा आहे.

कॅसेटवेडा:
टेलरचा मुद्दा मान्य. गायक डेव्हिड बोवीसोबतचे 'अंडर प्रेशर' हवे असल्यास मात्र आवृत्ती पाहून घ्या. ब्रिटिश आवृत्तीत ते नाही, १९९१ च्या दुसऱ्या भागात आहे.

रानवारा:
मग आधी संग्रह आणि लगोलग १९७५ चा अल्बम घेतो.