नरक्याच्या अर्कात कॅम्प्टोथेसिन का सापडत नाही?

रानवेल:
सह्याद्रीतील नरक्याच्या, म्हणजे नॉथापोडायटिस निमोनियानाच्या, सालीतून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगपेशी मारणारे संयुग वेगळे करणे हा माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा विषय आहे. मिथेनॉलचा अर्क आटवून विरल हायड्रोक्लोरिक आम्लात घेतला, क्लोरोफॉर्मने धुतला, मग आम्लाचा थर अमोनियाने अल्कधर्मी करून पुन्हा क्लोरोफॉर्ममध्ये ओढला. अल्कलॉइडांसाठी, म्हणजे वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त, बहुधा आम्लारीधर्मी संयुगांसाठी, हीच रीत शिकवली जाते. तरीही शेवटच्या अंशात टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या चाचणीत) प्रमाण नमुन्याशी जुळणारा ठिपका उमटत नाही. पदार्थ नेमका कुठे जात असावा?

काष्ठौषधी:
आम्लाचा थर धुतलेला पहिला क्लोरोफॉर्म टाकून दिला नसेल, तर आधी तो तपासावा. कॅम्प्टोथेसिनला अल्कलॉइड म्हणत असले तरी ते आम्लारीसारखे वागत नाही. विरल आम्लात त्याचा क्षार बनत नसल्यामुळे ते सेंद्रिय द्रावकातच राहते. उलट अल्कलीत त्याच्या रेणूतील लॅक्टोन वलय (एस्टरचे बंद कडे) उघडते आणि तयार झालेले कार्बोक्झिलेट पाण्यात उतरते, म्हणून थोडेफार आम्लाच्या थरात आलेच असेल तर तेही अमोनियानंतर क्लोरोफॉर्ममध्ये येणार नाही. पुन्हा आम्ल घातले की वलय मिटते.

ड्रॅगेनडॉर्फच्या, म्हणजे अल्कलॉइड रंगाने दाखवणाऱ्या अभिकर्मकाच्या, फवाऱ्यावरही येथे विसंबू नये. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली निळा ठिपका शोधावा, मात्र स्कोपोलेटिनसारखी कूमरिनेही (वनस्पतींतील संयुगांचा आणखी एक वर्ग) निळीच चमकतात, त्यामुळे एचपीएलसीतील (उच्च दाबाच्या द्रव वर्णलेखनातील) धारणकाल, म्हणजे पदार्थ स्तंभातून बाहेर पडायला लागणारा वेळ, आणि वस्तुमान वर्णपटातील ३४९ चे प्रोटॉनयुक्त शिखर जुळल्याखेरीज ओळख पक्की मानू नये.

या लॅक्टोन वलयाची किंमत औषधशास्त्राने मोजलेली आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून हे संयुग काढल्याचे प्रसिद्ध केले. पुढे पाण्यात विरघळावे म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार दिला गेला, म्हणजे वलय उघडलेले रूप, आणि गुण कमी व विषबाधा जास्त असा अनुभव आल्याने त्या चाचण्या थांबल्या. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही त्याच्या रूपांतरातून बनलेली कर्करोगाची औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ उजाडले.

रानवेल:
पहिल्या क्लोरोफॉर्ममध्ये निळा ठिपका दिसला, आभारी आहे. तो अंश थेट कर्करोगपेशींवर तपासावा का?

पेशीपाल:
तपासावा, परंतु शुद्ध कॅम्प्टोथेसिन आणि नुसते डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक) ही दोन्ही नियंत्रणे सोबत ठेवूनच. साठा द्रावण डीएमएसओमध्ये करावे आणि माध्यमात ऐनवेळी मिसळावे, कारण ७.४ सामूला वलय उघडू लागते. हे संयुग टोपोआयसोमरेज १ या डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या विकराला डीएनएवर अडकवून मुख्यतः डीएनएची प्रत बनवणाऱ्या पेशी मारते, म्हणून २४ तासांत परिणाम फिका दिसू शकतो; ४८ किंवा ७२ तास द्यावेत. एमटीटी (जिवंत पेशी रंगाने मोजण्याची चाचणी) वापरणार असाल तर चाचणी-तबकात पेशींविना अर्क घातलेला खळगाही ठेवावा, कारण वनस्पतींतील फिनॉले ते रंगद्रव्य स्वतःच क्षपित करतात. हातमोजे अर्थातच हवेत.

सह्यवासी:
पुढच्या खेपेस सालीऐवजी पाने आणि कोवळ्या डहाळ्या घेऊन पाहाव्यात. प्रमाण कमी मिळेल, पण पद्धत बसवायला तेवढे पुरते, आणि या झाडाची चोरटी तोड आधीच पुष्कळ झालेली आहे. वनखात्याची परवानगी आणि ओळख पटवलेला हर्बेरियम नमुना (वाळवून जपलेला वनस्पतीचा नमुना) नसेल, तर निष्कर्ष छापतानाही अडचण येते.