मदत हवी आहे: उट्रेक्टच्या कालव्यांत पहिल्यांदाच कनू भाड्याने घ्यायची आहे, सोबत सत्तरीचे बाबा

देवबागची_चेडू

नमस्कार मंडळी. नेदरलँड्समधल्या, त्यातही उट्रेक्टच्या आसपास राहणाऱ्यांकडून सल्ला हवाय, पण वल्हवायचा अनुभव असलेल्या कुणीही लिहिलं तरी खूप मदत होईल.

आम्ही आमस्टेलवीनला राहतो, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. जुलैत आईबाबा येतायत. बाबांचं लहानपण देवबागला, कर्ली खाडीच्या काठी गेलं, शाळेला होडी, बाजाराला होडी, पाहुणा आला तरी होडीनेच. पुढे बँकेत लागले, बदल्या होत गेल्या आणि आम्ही भावंडं वाढलो सांगली-कोल्हापूरकडे, त्यामुळे बाबांच्या हातात वल्हं मी कधी पाहिलेलंच नाही, नुसतं ऐकत आलेय. परवा लेकीने त्यांना व्हिडिओ कॉलवर उट्रेक्टच्या आउडेग्राख्त कालव्याचे फोटो दाखवले, त्यात एक जोडपं लाल कनूतून (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) चाललेलं होतं. बाबा स्क्रीनच्या इतके जवळ आले की आम्हाला नुसतं कपाळ दिसत होतं, आणि म्हणाले, "ह्या होडयेक उलांडी नाय मा? मगे सांभाळून बसाक व्हया." (उलांडी म्हणजे कोकणातल्या होडीला एका बाजूने आडव्या दांड्यांनी जोडलेलं लाकूड, त्याने होडी कलंडत नाही.) त्यानंतर रोज फोनवर एकच विषय, ती होडी केवढी, पाणी किती, वल्हं लाकडाचं की प्लास्टिकचं.

तर मला त्यांना कनूत बसवायचंच आहे, नुसतं टुरिस्ट बोटीतून फिरवून आणायचं नाहीये. पण अडचणी अशा की आमच्यापैकी कुणीच कनू चालवलेली नाही, नवऱ्याला पोहता येत नाही, मला येतं पण मी शिकले विहिरीत पाठीला डबा बांधून, इथल्यासारखं कपड्यांसकट वगैरे कधी पोहलेले नाही, लेकीचे पोहण्याचे ए आणि बी दोन्ही डिप्लोमा झालेत त्यामुळे घरात सगळ्यात भरवशाची तीच. बाबांना पोहता येतं, पण गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. आई काठावरच थांबणार, ते तिने आत्ताच जाहीर केलंय.

विचारायचं हे की एकदम शहरातल्या कालव्यात उतरावं की आधी कुठे शांत पाण्यात हात बसवावा? दोन कनू घ्याव्यात की एकच मोठी, आणि कोणी कुठे बसायचं? पोहता न येणाऱ्याला भाड्याने देतात का? आणि त्या पाण्याचं काय, पडलो तर आजारी पडू का? आमस्टरडॅम घराजवळ आहे, तिथेच करावं असं नवऱ्याचं म्हणणं आहे, मला उट्रेक्ट जास्त बरं वाटतंय पण कारण नीट सांगता येत नाहीये.

उट्रेक्टवाला

ताई, तुम्हाला उट्रेक्ट बरं वाटतंय ते बरोबरच आहे आणि कारण मी सांगतो, कारण आहे काठ. आमस्टरडॅमच्या बहुतेक कालव्यांत बाजूची भिंत सरळ उभी असते आणि रस्ता वर, पाण्यात पडलात तर शिडी कुठे आहे ते शोधत जावं लागतं. उट्रेक्टच्या आउडेग्राख्तला रस्त्याच्या खाली, पाण्याला लागून, एक दुसरा काठच आहे. जुन्या काळी बोटीतून माल उतरवून थेट घरांच्या तळघरात नेता यावा म्हणून रस्त्याखालून तळघरं काढून ती या धक्क्यापर्यंत आणली. आता त्याच तळघरांत कॅफे आहेत आणि लोक पाण्याच्या कडेला टेबलं मांडून जेवत असतात. नवशिक्याला याचा फायदा मोठा, कारण बऱ्याच ठिकाणी हात लांब केला की काठ सापडतो, आणि चढाय-उतरायला पण सोपं, बाबांच्या गुडघ्यांसाठी तर फारच.

पण पहिल्याच दिवशी आउडेग्राख्त नको. अरुंद आहे, पूल एकापाठोपाठ एक आणि कमानी बुटक्या, त्याखालून समोरून टुरिस्ट बोट येत असेल तर ती दिसेपर्यंत अगदी जवळ आलेली असते. शनिवार-रविवारी दुपारी तर पेडल बोटी, पार्टीवाल्या बोटी, सगळा गोंधळ.

आधी क्रोमे राइनवर जा. शहराच्या बाहेर बुनिकजवळ राइनाउवेन आहे, तिथलं टी-हाउस पॅनकेकसाठी प्रसिद्ध, त्याच भागात कनू भाड्याने मिळतात. नदी छोटी, वळणावळणाची, दोन्ही बाजूंना आमेलिसवेर्डची झाडी, मोठ्या बोटींचा त्रास जवळजवळ नाहीच. तुमच्या आईंना टी-हाउसच्या बागेत बसवा, त्या तिथून तुम्हाला बघत राहतील. एक लक्षात ठेवा, प्रवाह मंद असला तरी तो उट्रेक्टच्या दिशेने आहे. म्हणजे आधी बुनिककडे, प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, दंडात जोर असतो तोवर, आणि येताना पाणीच तुम्हाला आणतं. बरेच जण उलटं करतात, मजेत शहराकडे वाहवत जातात आणि परतताना हात भरून येतात.

तिथे जमलं की मग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शहरात.

बोटक्लबची_सवय

मी पुण्याची, सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर मुठेच्या पाण्यात वल्हवायला शिकले, रेगाटा (बोटींचे सोहळे) केल्यात, आता डेल्फ्टला असते. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

चेडूताई, वरच्या दादांनी जागा सांगितली, मी कनूचं सांगते. दोन कनू घ्या, एका मोठ्या कनूत चौघं कोंबू नका. एकीत बाबा आणि तुम्ही, दुसरीत मात्र नवरा आणि लेक असं अजिबात नको, पोहता न येणारा आणि लहान मूल एका बोटीत ठेवायचं नसतं. लेक तुमच्यात मध्ये तळाला बसू दे, आणि मिस्टरांसोबत कुणीतरी पोहता येणारा अनुभवी मित्र असू दे. मित्र मिळत नसेल तर त्या दिवशी मिस्टर काठावर, आईंसोबत. कडक वाटेल पण यात तडजोड करू नका.

आणि भाड्याने देणाऱ्याला पोहता येत नाही हे आधीच सांगा. बऱ्याच ठिकाणी पोहता येणं ही अटच असते, काही ठिकाणी जॅकेट घालून देतात. लपवून बसायचं नाही. जॅकेटवर आकडा छापलेला असतो तो वाचा: ५० न्यूटनवालं (न्यूटन म्हणजे जॅकेटचा तरंगवायचा जोर) फक्त पोहता येणाऱ्यासाठी, ते नुसतं तरंगायला मदत करतं. न पोहणाऱ्याला कमीत कमी १०० न्यूटनचं, कॉलरवालं, जे तोंड वर ठेवायला मदत करतं. लेकीला तिच्या वजनाप्रमाणे, आणि पायांमधून जाणारा पट्टा नक्की लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून कानाशी येतं.

बसायचं कसं, तर मागे बसतो तो सुकाणू सांभाळतो. बाबा मागे बसू देत, त्यांच्या अंगात ते असणारच. पुढच्याने फक्त लय द्यायची. दोघांनी उलट बाजूंना वल्हवायचं, एकाने डावीकडे तर दुसऱ्याने उजवीकडे. वल्ह्याचा वरचा हात मुठीवर तळव्याने दाबून, दांड्याला पकडून नव्हे. सगळे नवशिके इथेच चुकतात आणि मग खांदा दुखतो. मागच्या माणसाने वल्हं मागे नेलं की शेवटी पातं जरा बाहेरच्या अंगाला वळवून हलकं ढकलायचं, त्याला J-स्ट्रोक म्हणतात, त्याने कनू सरळ जाते, नाहीतर प्रत्येक फटक्याला नाक दुसरीकडे वळतं आणि नवराबायकोंची भांडणं होतात (हे खरंच होतं, धक्क्यावर उभं राहून बघा).

चढताना एकेकाने, वाकून, पाय बरोबर मध्यरेषेवर, दोन्ही हात दोन्ही कडांवर, आणि तोवर दुसऱ्याने काठावरून कनू धरून ठेवायची. उभं राहून फोटो नाही. कलंडलीच तर कनूला धरून राहा, पाण्यातून तिच्यात परत चढायच्या भानगडीत न पडता पाय मारत काठाकडे ढकला. बाबांना गुडघ्यांवर बसता येणार नाही, ठीक आहे, बाकावरच बसू देत, फक्त पाय पुढे पसरून रोवून बसायचं आणि मध्ये लेकीबरोबर सामानाचं वजनही तळाला ठेवायचं म्हणजे कनू डुलत नाही.

आमस्टरडॅम_दक्षिण

मला वाटतं आमस्टरडॅमला उगाच घाबरवताय. आम्ही बऱ्याचदा जातो, सकाळी आठ-नऊला प्रिन्सेनग्राख्तवर बदकं आणि आपण, बाकी कोणी नसतं. हाउसबोटींच्या इतकं जवळून जाता येतं की खिडकीत ठेवलेली कुंडी दिसते. युनेस्कोच्या यादीत २०१० पासून आहेत हे कालवे, बाबांना तेही दाखवायला हवंच ना.

उट्रेक्टवाला

सकाळी आठला मान्य आहे हो, पण हे लोक पाहुण्यांना आणि लेकीला घेऊन, नाश्ता उरकून, ट्राम पकडून निघणार, बारा वाजणारच. आणि बाराला तिथे टुरिस्ट बोटी सुरू झालेल्या असतात. त्यांची लाट उंच भिंतीवर आपटून परत येते आणि दोन्हीकडून हलवते, नवशिक्या माणसाला ते झेपत नाही. वर्षा-दोन वर्षांनी नक्की करा आमस्टरडॅम, आत्ता नको.

नियमांचं राहिलंच. उजव्या कडेने जायचं. २० मीटरपेक्षा लांब बोट आणि प्रवासी बोट यांना आपणच वाट द्यायची. छोट्या मोटरबोटीने वल्हवणाऱ्याला वाट द्यायची असा नियम आहे पण चालवणाऱ्यानेही बोट भाड्यानेच घेतलेली असते, त्याला माहीत असेल यावर विसंबू नका. पुलाखाली शिरण्याआधी थांबून कानोसा घ्या, मोठ्याने आवाज द्या. बिअर पिऊन वल्हवू नका, पाण्यावरही रक्तातल्या अल्कोहोलला ०.५ प्रोमिलची (हजारी अर्धा भाग) मर्यादा आहे. आणि निघण्याआधी उट्रेक्ट पालिकेच्या साइटवर बघा, धक्क्यांच्या जुन्या भिंतींची दुरुस्ती चालू असते तेव्हा कालव्याचा एखादा तुकडा बंद ठेवतात.

डॉ_मनीमाऊ

पाण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मुंबईत पावसाळ्यात जो लेप्टो आपण ऐकतो तोच इथल्या कालव्यांतही होऊ शकतो, उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात येतो आणि कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात जातो. वारंवार होतो असं नाही, पण काळजी सोपी आहे: हाताला कापलं-सोललं असेल तर वॉटरप्रूफ पट्टी, उतरल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, वल्हं मारून तसाच हात पॅनकेककडे नको. त्यानंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर हाउसआर्ट्सला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) "कालव्यात कनू चालवली होती" हे स्वतःहून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. बाबा भारतात परत गेले असतील तर तिथल्या डॉक्टरांनाही सांगायचं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा-निळा तवंग दिसला तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका, ते शेवाळ विषारी असू शकतं.

बाबांना रक्त पातळ करायच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वल्हवण्याबद्दल आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि जीन्स नको, भिजली की जड होते.

देवबागची_चेडू

सगळ्यांचे किती आभार मानू. रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला, ५० आणि १०० न्यूटनचं ऐकून तो गप्पच झाला आणि मग म्हणाला मी आईंसोबत टी-हाउसला बसतो, तुम्ही तिघं जा, पुढच्या वर्षी मी पोहायला शिकून येतो. त्याने खरंच आज स्विमिंग पूलच्या मोठ्यांच्या क्लासची चौकशी केली.

म्हणजे एकच कनू, बाबा मागे, मी पुढे, लेक मध्ये. आधी क्रोमे राइन, बुनिककडे. जमलं तर त्याच आठवड्यात मधल्या वारी सकाळी शहर. लेकीला आउडेग्राख्तच्या उत्तर टोकाचं वेर्डस्लाउस हे लॉक (बोटींसाठी पाण्याची दारं) बघायचंय, कारण वसंतात तिने शाळेतून आल्यावर रोज ती माशांची डोअरबेल दाबली होती, ते लॉकच्या दाराशी पाण्याखाली कॅमेरा असतो ना, मासा अडलेला दिसला की घरबसल्या बेल दाबायची म्हणजे माणूस दार उघडतो, तेच. आणि मला कॅथराइनसिंगल, म्हणजे शहराभोवतीच्या सिंगल कालव्याचा एक भाग, बघायचंय, सत्तरच्या दशकात बुजवून तिथे मोठा रस्ता केला होता आणि सप्टेंबर २०२० मध्ये परत पाणी आणलं असं वाचलंय. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, रस्तो काढून पानी आणलो? परत सांग. दोनदा सांगावं लागलं.

उट्रेक्टवाले दादा, शेवटचं एक: कॅथराइनसिंगल, आउडेग्राख्त आणि लॉक हे तिन्ही नवशिक्यांना एका सकाळी होईल का? आणि लॉकमधून जावं लागतं का?

उट्रेक्टवाला

तिन्ही एका सकाळी नको. शहराभोवतीची सिंगलची पूर्ण फेरीच साधारण सहा किलोमीटर आहे, तीन जणांना, त्यातली एक नऊ वर्षांची, दमछाक होईल. लॉकमधून जायची गरज नाही, ते पलीकडे वेख्त नदीत उतरायला लागतं, तुम्ही अलीकडूनच बघून मागे फिरा. त्यामुळे लेकीसाठी एक सकाळ आउडेग्राख्त आणि लॉक, बाबांचे हात दुखत नसतील तर दुसऱ्या सकाळी सिंगल. त्यात हूख कॅथराइन मॉलच्या खालून जाणारा भाग येतो, तिथे आत अंधारतं आणि आवाज घुमतो, लेकीला आधी सांगून ठेवा म्हणजे दचकून उठून उभी राहणार नाही.

तारीख पक्की झाली की मेसेज करा. माझी सुट्टी जुळली तर दुसरी कनू मी घेतो, तुमच्या मिस्टरांना १०० न्यूटनचं जॅकेट घालून माझ्या पुढे बसवू.