‘एनजीओआयझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

शलाका: एका लेखाचा अनुवाद करते आहे. लोकांनी उभी केलेली चळवळ हळूहळू नोंदणीकृत संस्था होते, पगारी माणसं येतात, लढ्याच्या जागी प्रकल्प येतो, असा विषय. १९९०च्या दशकातल्या लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी चळवळींबद्दल लिहिताना अभ्यासकांनी ‘एनजीओआयझेशन’ हा शब्द वापरला. मी ‘संस्थाकरण’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘स्वयंसेवीकरण’ केलं. स्वेच्छेने राबणारे लोक जिथे पगारी होतात, त्याला स्वयंसेवीकरण कसं म्हणायचं? अर्थ पार उलटा होतो.

शब्दवेडा: संपादकांचं चुकलंच, पण ‘संस्थाकरण’ही अशुद्ध. शुद्ध-शुद्धीकरण, तसं संस्था-संस्थीकरण. संस्कृत प्रत्यय घ्यायचा तर त्याचा नियमही घ्यावा.

रानवारा: नियम ठीक, पण ‘संस्थीकरण’ बोलतं कोण? ‘एनजीओवाले आले होते’ हे सगळे म्हणतात. सरळ ‘एनजीओकरण’ लिहा. आणि खरी गंमत एका शब्दात नाही, सगळी भाषाच बदलते. मी एका संस्थेत अहवाल लिहायचे. तक्त्यात ‘मोर्चा’ला रकानाच नव्हता, म्हणून मोर्चा झाला की ‘जनजागृती फेरी’ लिहायचं. पुढच्या वर्षी मंजुरी फेरीलाच मिळाली. फलक, टोप्या, फोटो, सह्यांचा कागद, सगळं होतं. निवेदन मात्र कुणालाच द्यायचं नव्हतं.

शब्दवेडा: आणि मोर्चात चालणारे ‘लाभार्थी’ झाले असतील! अर्थी म्हणजे इच्छा धरणारा. विद्यार्थी विद्या मागतो, लाभार्थी लाभ मागतो. हक्क मागणाऱ्याला हा शब्द लावणं हा अपमान आहे.

पारंबी: व्युत्पत्तीवरून कुणाचा अपमान होत नाही, वापरावरून होतो. माझ्या लेखी फरक एवढाच: सभासद वर्गणी देतो म्हणून हिशेब मागू शकतो. लाभार्थी सही करून वस्तू घेतो, हिशेब निधी देणाऱ्याकडे जातो.

उत्तरायण: पारंबी, अगदी हेच. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवण्याविरुद्ध काळ्या लोकांनी केलेला बसबहिष्कार १९५५-५६मध्ये ३८१ दिवस चालला. तिथे जॉर्जिया गिल्मोर आणि इतर बायका खाद्यपदार्थ करून विकायच्या आणि पैसे चळवळीला द्यायच्या. आपल्या गटाला त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ नाव दिलं, कारण देणाऱ्याचं नाव फुटलं तर तिची नोकरी जायची. पैसा लोकांचा, म्हणून निर्णयही लोकांचा.

शब्दवेडा: पण बहिष्कार चालवणारी ‘माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ संस्थाच होती ना? देणग्या तिला बाहेरूनही आल्या. संस्था म्हटली की चळवळ मेली, हे मला मान्य नाही.

उत्तरायण: मेली असं नाही, वळते. १९२०च्या दशकात एनएएसीपी या अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा मोठा लढा झुंडबळींविरुद्ध होता. पुढे गार्लंड फंड या देणगी देणाऱ्या निधीच्या पैशाबरोबर भर काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धच्या खटल्यांकडे गेला, असं काही अभ्यासक मांडतात. त्याच वाटेने १९५४चा ब्राउन निकाल आला, ज्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल थोरच. पण आधी काय लढायचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न उरतोच.

शलाका: मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचा आहे. संस्थाकरण, संस्थीकरण की एनजीओकरण?

रानवारा: देईन उत्तर, पण आधी ‘पगारी कार्यकर्ता’बद्दल. वर ‘पगारी’ जवळजवळ शिवीसारखं वापरलंय. मानधन नसेल तर ज्याच्या घरची चूल दुसरा कुणी पेटवतो तोच पूर्णवेळ काम करू शकतो. मोलकरणीने संघटना बांधायची ती कधी? पगारावर राग नको. राग तीन वर्षांच्या प्रकल्पावर काढा, जो संपला की तिचा पगारही जातो आणि वस्तीतली बैठकही बंद पडते.

शब्दवेडा: ‘मानधन’ म्हणजे मानाने दिलेलं धन. पगाराला मानधन म्हणणं हीच पहिली फसवणूक.

पारंबी: उलट, त्याला पगार म्हटलं तर तिला सुट्टी आणि भविष्य निर्वाह निधीही द्यावा लागेल. म्हणून ‘मानधन’ टिकलंय.