मदत हवी आहे : 'इग्वाना' हा शब्द मराठीत कसा लिहावा आणि कसा चालवावा?

नमस्कार मंडळी,

मुलांसाठी प्राण्यांची ओळख करून देणारी एक पुस्तिका मी सध्या मराठीत आणत आहे आणि हिरव्या इग्वानाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या सरड्याच्या, पानावर काम अडले आहे. आधीच्या मसुद्यात तिथे सरळ 'घोरपड' असे लिहिले होते, ते मला पटत नाही. चित्रातल्या प्राण्याच्या हनुवटीखाली कातडीची मोठी झोळ लोंबते आहे, कानाखाली गालावर एक ठसठशीत गोल खवला आहे आणि पाठीवरून काट्यांची रांग गेली आहे. घोरपडीला यांतले काहीच नसते. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती किडे, अंडी, उंदीर खाते, तर इग्वाना पाला खाऊन जगतो. ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्रजांनी मात्र तिथल्या घोरपडींना 'गोआना' म्हणायला सुरुवात केली, आणि तो शब्द 'इग्वाना'चाच अपभ्रंश आहे. तोच घोटाळा आपण मराठीत करू नये, असे मला मनापासून वाटते.

शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या भाषेत आहे. ते या प्राण्याला 'इवाना' म्हणत. १४९२ नंतर तिथे पोहोचलेल्या स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्यातल्या 'वा'चा 'ग्वा' झाला, आणि १७६८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लॉरेंटी यांनी तेच नाव शास्त्रीय प्रजातीला (जीनसला) दिले. आपला 'बटाटा' हा शब्दही त्याच तैनो भाषेतून, पोर्तुगीजांमार्फत आला आहे. तिथे तो रताळ्याचा वाचक होता. हे कळल्यापासून 'इग्वाना' मला तितकासा परका वाटत नाही, म्हणून मूळ शब्दच ठेवायचे मी ठरवले आहे.

आता जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 'इग्वाना' लिहावे की 'इगुआना'? स्पॅनिश उच्चारात 'ग्वा' हे एकच अक्षर असल्याने माझा कल पहिल्याकडे आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. स्पॅनिशमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी मराठीत 'सरडा'प्रमाणे तो पुल्लिंगी वाटतो. मग विभक्ती लागताना 'कॅमेरा'चे 'कॅमेऱ्याला' होते तसे 'इग्वान्याला' म्हणावे, की 'पांडाला'प्रमाणे 'इग्वानाला'? मी वर दुसरे रूप वापरले आहे, पण मोठ्याने वाचताना तुमच्या घरातल्या मुलांच्या तोंडी कोणते रूप सहज येते, ते कृपया कळवावे.