सिट्जेसला जमतं, मग साताऱ्याला का नाही?

अजिंक्यतारा
परवा आपल्या सातारकरांच्या गटावर एकाची पोस्ट आली. थोडक्यात म्हणणं असं: परदेशातले भय-अद्भुत-विज्ञानपटांचे महोत्सव म्हणजे रक्त आणि किंकाळ्या, रिकामटेकड्यांची हौस, दुष्काळी तालुके असलेल्या जिल्ह्यात असलं काही नको. खाली अंगठ्यांची रांग लागली. मला राहवलं नाही म्हणून हा धागा.

सिट्जेस हे बार्सिलोनाजवळचं समुद्रकाठचं गाव आहे, वस्ती तीसएक हजार. सातारा त्याच्या कितीतरी पट मोठा. तिथे 1968 साली महोत्सव सुरू झाला तेव्हा स्पेनवर फ्रँकोची हुकूमशाही होती. उघड बोलायची चोरी असताना पिशाच आणि राक्षसांच्या गोष्टींतून बरंच सांगता येतं, हे त्या लोकांना कळलं होतं. आज दर ऑक्टोबरात जगभरचे दिग्दर्शक तिथे येतात. असेच महोत्सव पुढे इतरत्रही सुरू झाले: पोर्तुगालमधलं पोर्तो 1981, ब्रसेल्स 1983, कोरियातलं बुचॉन 1997. बुचॉनही काही राजधानी नव्हे. ब्रसेल्सला तर प्रेक्षक पडद्याकडे बघून ओरडतात, पात्रांना सल्ले देतात. आपल्या जत्रेतल्या तंबूत वाढलेला माणूस तिथे पाच मिनिटांत रुळेल.

आणि ही हौस पोरकट म्हणायची, तर गिलेर्मो देल तोरोच्या 'द शेप ऑफ वॉटर'ला 2017 साली व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, आणि पुढे ऑस्कर कुणी दिला? त्यात नायक पाण्यातला प्राणी आहे. आपला 'तुंबाड' 2018 साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता, मग सिट्जेसलाही गेला. त्यातला हस्तर, तो शापित देव, काय दाखवतो? हाव. पिढ्यान्‌पिढ्या घर खाणारी हाव. यापेक्षा सामाजिक विषय कुठला हवा?

चळवळीतला
ती पोस्ट मी लिहिली नाही, पण अंगठा माझाही होता. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव आहे, एवढं तरी लक्षात ठेवा. 2013 साली त्यांचा खून झाला, त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच काय आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. माझ्या मावशीला धुरी दिली होती. बाळंतपणानंतर ती गप्प गप्प असायची, तेवढंच कारण. डोळे कायमचे अधू झाले. झपाटलेली बाई, केस मोकळे, डोळे पांढरे, हे दृश्य पडद्यावर आलं की मी उठून बाहेर जातो. तुम्ही त्याचा महोत्सव भरवणार?

कृष्णाकाठ
मावशींबद्दल फार वाईट वाटलं. पण "असलं काही नको" हे पटत नाही. मराठी रंगभूमी सुरूच राक्षसांपासून झाली, आणि तीही आमच्या सांगलीत. 1843, विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर'. राळेचा भडका उडायचा आणि "अलल्लडुर्र" अशी आरोळी ठोकत राक्षस रंगमंचावर यायचे. पाठीशी खुद्द सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. तेव्हा महोत्सव व्हायचाच असेल तर भावे नाट्यगृहात व्हावा, साताऱ्यात नव्हे.

अजिंक्यतारा
झालं, आता सांगली-सातारा सुरू!

मिरज जंक्शन
कुठंबी करा, पन मराठी सबटायटल द्या राव. आमच्याकडं पिच्चर येतोय तो एकतर हिंदी डब, न्हाईतर विंग्रजी अक्षरं भराभर पळत्यात. माजी आई येकदा कोरियन पिच्चर बघून रडली, भाषा एक अक्षर कळत न्हवती. म्हणजे माणसाला कळतंय, फकस्त दाखवनारा पायजे. एकपडदा टाकीजं बंद पडली, मॉलातलं तिकीट परवडत न्हाई, आन तुमी भुतावर भांडताय.

चळवळीतला
विष्णुदास भाव्यांचा राक्षस पुराणातला. तो राक्षस बघून कुणी सुनेला खांबाला बांधलं नाही. 'झपाटलेली बाई' बघून बांधतात. फरक समजून घ्या.

कासपठार
दादा, बांधणाऱ्यांनी सिनेमा बघून बांधलं याला पुरावा काय? धुरी सिनेमाच्या आधीपासून देतात.

चळवळीतला
पुरावा मागताय? या मग मावशीकडे, डोळ्यांनी बघा. आमच्या गल्लीत टीव्हीवरच्या भूतमालिकेनंतर पोरं संध्याकाळी विहिरीकडे जाईनात. तेवढा पुरावा मला पुरे.

अजिंक्यतारा
आवाज चढवू नका, मावशींचा अपमान कुणी केलेला नाही. पण एक उदाहरण ऐका. जयंत नारळीकर. परग्रहावरच्या जिवांच्या, काळातून मागे-पुढे जाण्याच्या कथा त्यांनी मराठीत लिहिल्या. त्याच नारळीकरांनी दाभोलकरांना सोबत घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना दिल्या, ओळखा म्हणाले. 27 जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. अद्भुत लिहिणारा आणि अंधश्रद्धेची परीक्षा घेणारा माणूस एकच होता. कल्पनेला कल्पना म्हणून ओळखायची सवय लागली की बुवा फसवू शकत नाही. ही सवय गोष्टींतूनच लागते.

चळवळीतला
नारळीकर विज्ञानकथा लिहायचे. भयकथा नाही. दोन्ही एका पिशवीत कोंबू नका.

कृष्णाकाठ
मग भयकथाकार नारायण धारप? त्यांच्या कथांवर दोन-तीन पिढ्या पोसल्या. माझा बाप रात्री धारप वाचायचा आणि दिवसा अंगात येणाऱ्यांना हाकलून द्यायचा. घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. ज्याला भीती कशी रचतात हे कळतं, तो रचलेल्या भीतीला भीक घालत नाही.

चळवळीतला
तुमचा बाप शिकलेला असेल. सगळ्यांचा नसतो.

कासपठार
हे मात्र खरं आहे. वाचणारा पुस्तक मिटू शकतो. घरातल्या टीव्हीसमोर बसलेल्या पोराला सांगायला शेजारी कुणी नसतं.

चळवळीतला
ठीक आहे. विज्ञानपट दाखवा, माझी ना नाही. तुंबाडही दाखवा, हाव दाखवतो म्हणता तर बघू. पण झपाटण्याचे चित्रपट असतील तर प्रत्येक खेळानंतर मानसोपचारतज्ज्ञ बसले पाहिजेत, आणि दारात कायद्याची अनुसूची मोठ्या अक्षरात लावली पाहिजे. एवढं मान्य असेल तर सतरंज्या उचलायला मी येतो. विरोध मागे घेतला असं मात्र कुठे लिहू नका.

अजिंक्यतारा
मान्य. तज्ज्ञ बसतील. पण अनुसूची दारात लावायची, पडद्यावर नाही. अंधार झाल्यावर पडद्यावर फक्त चित्रपट.

मिरज जंक्शन
आन सबटायटल?