वाचनवर्गाचा उपयोग झाला, हे नक्की कसं कळतं?

ओसरी:
आमची छोटी संस्था बीड जिल्ह्यात सहा जिल्हा परिषद शाळांमध्ये रोज तासभर वाचनवर्ग घेते. तिसरी-चौथीतली, शब्दही न वाचता येणारी ६२ मुलं जुलैत निवडली. फेब्रुवारीत तपासलं तर बहुतेक जण परिच्छेद वाचत होते. निधी देणारे विचारतात, यातलं तुमच्यामुळे किती? मलाही ते खरंच जाणून घ्यायचंय. पुढच्या वर्षी आणखी सहा शाळा घेतोय.

पायवाट:
शेजारच्या, वर्ग नसलेल्या शाळेतली तेवढीच कच्ची मुलं दोन्ही वेळा त्याच पद्धतीने तपासा. दोघांच्या प्रगतीतला फरक तो तुमचा.

गावोगाव:
मी बारा वर्षं शाळांच्या सर्वेक्षणावर फिरतोय. तुलना हवीच, पण शेजारच्या शाळेत गुरुजी वेगळे, पालक वेगळे. फरक त्यांचाही असू शकतो. तुलनेशिवायचे आकडे तर फारच फसवतात. सगळ्यात कच्ची म्हणून निवडलेल्या मुलांत काही त्या दिवशी नुसती घाबरलेली असतात, काही तापातून उठून आलेली. ती वर्गाविनाही पुढच्या वेळी बरं वाचतात.

‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची तपासणी २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात झाली. बालसखी म्हणजे कच्च्या मुलांना शाळेतच वेगळं घेऊन शिकवणारी वस्तीतली तरुणी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ त्या तपासणीत होते. वडोदऱ्यात पहिल्या वर्षी सोडत काढून निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी दिली, निम्म्यांत चौथीला. कुठलीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, तरी प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी जोड मिळाली. मला ही युक्ती फार आवडते. फायदा दिसला, कच्च्या मुलांना जास्त. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा मोजलं, तेव्हा तो बराच ओसरला होता. तेव्हा तुम्हीही वर्षभराने पुन्हा जा.

तुमच्या नव्या शाळा सहाच. एखादे जीव ओतून शिकवणारे गुरुजी सगळं पारडं फिरवतील. म्हणून शाळांची नको, प्रत्येक शाळेत मुलांच्या नावांची सोडत काढा. वर्गात वीस जागा आणि कच्ची मुलं चाळीस असतील, तर पालकांसमोर चिठ्ठ्या उचला. राहिलेल्यांना पुढच्या वर्षी घ्या, आणि हा शब्द पाळा.

दुसरं, वर्ग घेणाऱ्या ताईंनी चाचणी घेऊ नये. एका शाळेत मुलगी परिच्छेद घडाघडा म्हणत होती आणि कार्ड हातात उलटं होतं. ताई शेजारी बसून पहिल्या अक्षरासाठी ओठ हलवत होत्या. त्यांच्या मनात खोट नव्हती, मुलीला यावं इतकंच वाटत होतं. शेवटच्या चाचणीला नवं कार्ड आणि अनोळखी माणूस हवा.

आणि तुमचा भाग ऊसतोडीचा. फेब्रुवारीत किती मुलं हजर होती?

ओसरी:
चव्वेचाळीस. दिवाळीनंतर १८ मुलं आईबापांबरोबर तोडीला गेली. मी त्यांना अहवालातून वगळलं होतं.

गावोगाव:
त्यांना धरूनच हिशोब करा. घरची सगळ्यात ओढग्रस्त मुलं तीच असतात. टोळ्या परतल्या की घरी जाऊन त्यांची चाचणी घ्या, आणि सोडतीत न निघालेल्यांनाही तसंच शोधा. एकाच बाजूची शोधलीत तर तुलना पुन्हा वाकडी होईल.

ओसरी:
यादी काढली आहे. सात मुलं माझ्याच वर्गातली, एक तर जाताना गोष्टीचं पुस्तक मागून घेऊन गेली होती. टोळ्या आल्या की तिच्या घरापासून सुरुवात करते.