विषय: ग्लुटेन-फ्री किराणा खिशाला परवडेल असा कसा भरायचा?

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

मंडळात आम्ही नवीन, आणि पहिलीच मेल मदत मागणारी. धाकट्याला सीलियाक निघालं. रक्ततपासणी झाली, एंडोस्कोपी झाली. गहू, बार्ली (जव), राय (गव्हासारखंच एक धान्य) जन्मभर बंद, कारण त्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन या आजारात आतड्याला इजा करतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पथ्याचं आम्ही निभावून नेऊ, पण सगळंच सामान "ग्लुटेन-फ्री" पाटीच्या कपाटातून घ्यायचं म्हटलं तर महिन्याचा हिशोब कोलमडतो. ब्रेड एवढासा, आणि किंमत बघून परत ठेवून द्यावासा वाटणारा. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं तेच सामान बरंच स्वस्त दिसतं. ते लहान मुलाला द्यायला चालेल का? की स्वस्त म्हणजे तपासणीत काटकसर केलेली असते? ज्यांच्या घरी हे पथ्य आहे त्यांनी कृपया सांगावं.

प्रेषक: वाचनालयवाली ताई

चालेल. बिनधास्त घ्या. आमच्याकडे हे पथ्य ह्यांचं आहे, आणि आमचा निम्मा किराणा स्टोअर ब्रँडचाच असतो.

पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" छापलं की ब्रँड महाग असो की स्वस्त, नियम एकच. कोडेक्स म्हणजे खाद्यपदार्थांचं आंतरराष्ट्रीय मानक घ्या, अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न-औषध खात्याचा) २०१३ चा नियम घ्या, नाहीतर युरोपातला घ्या. मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग). दुकानाच्या ब्रँडला त्यात सूट नाही. प्रमाणपत्राचं चिन्ह बऱ्याचदा नसतं, कारण ते छापायला पैसे मोजावे लागतात. चिन्ह असलं तर उत्तमच (जीएफसीओ या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची मर्यादा तर १० पीपीएम आहे), पण नाही म्हणून पाकीट बाद करू नका.

आता जरा मोठ्या बहिणीच्या अधिकाराने सांगते. त्या कपाटाकडे सगळ्यात शेवटी जायचं. पैसे वाचतात ते बाकीच्या दुकानात. तांदूळ, डाळी, बटाटे, अंडी, दूध, फळं, शेंगदाणे, साध्या फ्रोझन भाज्या यांत मुळात ग्लुटेन नसतंच, आणि यांचा स्टोअर ब्रँड सगळ्यात स्वस्त. मात्र "साध्या" हा शब्द लक्षात ठेवा. सॉसमधल्या भाज्या घेतल्या की सॉस दाट करायला मैदा आलाच. सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो. सुटं धान्य डब्यांतून काढून घेतात तिथून काहीही घेऊ नका. एकच डाव सगळ्या डब्यांतून फिरतो.

डाळी मात्र निवडून घ्या, आपल्या आज्या निवडायच्या तशाच. शेतात आणि गिरणीत त्यांत गहू-बार्लीचे दाणे मिसळतात. मी मसूर पांढऱ्या ताटात पातळ पसरते. गव्हाचा दाणा लांबट, फिकट आणि मधोमध चीर असलेला, त्यामुळे लाल मसुरात चटकन नजरेला येतो. मग धुवायचं आणि शिजवायचं.

आणि कॉर्नफ्लेक्स! मक्याचे म्हणून बिनघोर असतील असं वाटतं, पण चवीसाठी त्यांत बऱ्याचदा बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) घातलेलं असतं. अमेरिकेत पाकिटावर गव्हाचं नाव द्यावंच लागतं, बार्ली-रायची तशी सक्ती नाही. त्यामुळे खालच्या ॲलर्जीच्या ओळीत गहू दिसला नाही तरी वर घटकांच्या यादीत "माल्ट", "माल्ट एक्स्ट्रॅक्ट" शोधायचं. आपल्यातले जे युरोपात गेलेत त्यांचं काम सोपं आहे, तिथे घटकांच्या यादीत बार्ली आणि रायही ठळक छापावी लागते. "व्हीट-फ्री" या शब्दावर तर कुठेच जाऊ नका. गहू नसेल, बार्ली असू शकते.

प्रेषक: खजिनदार काका

ताईंनी सगळं नीट सांगितलंच आहे. मी नोकरीत असताना खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो, म्हणून थोडी भर घालतो.

दुकानाचा ब्रँड म्हणजे दुकानाचा कारखाना नव्हे. बहुतेक माल कंत्राटावर बनवून घेतलेला असतो, कधी कधी तर नावाजलेल्या ब्रँडचा माल जिथे बनतो तिथेच. स्वस्त पडतो कारण जाहिरातीचा खर्च नाही आणि कपाटात जागा मिळवायची मारामारी नाही. ग्लुटेन-फ्री माल एकूणात महाग का, तर वेगळी लाइन किंवा प्रत्येक वेळी लाइन उघडून धुणं, कच्च्या मालाची तपासणी, आणि एवढं करून खप कमी.

कंत्राटाची एक गोम आहे. ते बदलतं. वेष्टन तेच, रंग तोच, आणि आतला माल दुसऱ्या कारखान्यातला. त्यामुळे गेल्या महिन्यात चाललेलं पाकीट या महिन्यात डोळे मिटून टोपलीत टाकायचं नाही. दर खेपेला मागची बाजू वाचायची. चष्मा घरी विसरला असाल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा, मी तेच करतो.

पाकिटावरची "गव्हाचे अंश असू शकतात" ही ओळ अमेरिकेत आणि युरोपातही ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे माल सुरक्षित, असा अर्थ काढू नये.

आणि ब्रेडबद्दल: पाकिटाची किंमत बघूच नका, कपाटावरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात वजनामागची किंमत असते ती बघा. ग्लुटेन-फ्री पाव आकाराने लहान असतो, त्यामुळे पाकिटाशी पाकीट ताडून पाहिलं तर हमखास फसगत.

प्रेषक: एक सभासद

फार उपयोगी चर्चा. माझंही पोट कायम फुगलेलं असतं. आम्हीही या सोमवारपासून घरात सगळ्यांचाच गहू बंद करतोय. तब्येतीला चांगलंच ना ते?

प्रेषक: वाचनालयवाली ताई

अहो, थांबा! आधी डॉक्टरांकडे जा. सीलियाकच्या रक्ततपासणीत अँटीबॉडी शोधतात. ग्लुटेन सोडलं की त्या हळूहळू कमी होतात, आणि मग आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. म्हणजे तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवायची.

आणि आजार नसताना सगळ्या घराने सोडायचं कशासाठी? हा ग्लुटेन-फ्री पाव-पास्ता पुष्कळदा नुसता स्टार्च असतो. फायबर कमी, आणि साध्या पिठात वरून लोह आणि बी जीवनसत्त्वं घालतात तशी यात घातलेली असतीलच असं नाही. पथ्य म्हणून तो आवश्यक आहे, पण एरवी त्याचं कौतुक कशाचं करायचं ते मला कळलेलं नाही.

प्रेषक: नवीन सभासद

ताई, काका, खूप आभार. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. अजून दोनच गोष्टी विचारते. ओट्स साधे घेतले तर चालतील का, ग्लुटेन-फ्री लिहिलेले फारच महाग आहेत. आणि पाव उरला की दुसऱ्याच दिवशी भुसभुशीत होतो, फेकताना जीव तुटतो.

प्रेषक: वाचनालयवाली ताई

ओट्समध्ये काटकसर नको. ओट्स मुळात ग्लुटेनचं धान्य नाही, पण शेत, ट्रक, गिरणी सगळीकडे गव्हाच्या संगतीत असतात. ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे, स्टोअर ब्रँडचे मिळाले तर ते घ्या. काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून धाकट्याला सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. तोवर तांदळाची पेज आहेच.

पाव आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाका. आधी कापांच्या मध्ये कागद घाला, नाहीतर त्याची वीट होते. लागेल तेवढा एकेक काप काढून थेट टोस्टरमध्ये. टोस्टर मात्र या पावाचा वेगळाच हवा, जुन्यातला चुरा कितीही झटकला तरी निघत नाही.

पीठ घरी करायचं असेल तर तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि थोडा टॅपिओका (साबुदाणा ज्याचा करतात तो स्टार्च), या सगळ्यांवर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बघूनच. चिकटपणा येण्यासाठी झँथन गमऐवजी मी इसबगोल घालते. पाण्यात भिजवून त्याचा गोळा झाला की मगच पिठात. शनिवारी वाचनालय उघडं असतं. पोराला घेऊन या, तेव्हा प्रमाण लिहून देते.